करंबळाच्या फोडी

ज्यांची किडनी गेलेली आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाचं डायलिसिस चालू आहे, त्यांनी पहिल्यांदा एवढंच वाचावं: करंबळ खाऊ नका. एक फोडसुद्धा नको, रस नको, लोणच्यातलंही नको. हिंदीवाले त्याला कमरख म्हणतात, मोठ्या दुकानांत स्टार फ्रूट म्हणून ठेवतात. पिवळं, पाच धारांचं फळ असतं, आडवं कापलं की चांदणी दिसते. धडधाकट माणूस खातो आणि त्याला सहसा काही होत नाही. आपलं तसं नाही. बाकीचं मी पुढं लिहिलंय, ते सवडीनं वाचलं तरी चालेल.

आम्ही इथले नव्हे

आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. सोनाराकडची जुनी मोड, दुकानात झाडून गोळा केलेली धूळ, सगळं भट्टीत घालायचं आणि त्यातनं सोनं-चांदी वेगळी काढायची, ही गलाई. आमचे हे चौदाव्या वर्षी गाव सोडून चेन्नईत आले, सावकारपेटेतल्या एका दुकानात भट्टीवर. मीसुद्धा सातवीनंतर शाळेत गेले नाही. लग्न झालं आणि मीही इकडं आले. चेन्नईच्या कडेला असलेल्या आवडी गावात खोली घेतली, तिथनं यांना लोकलनं सेंट्रलला जायला बरं पडायचं.

घरमालकीण कावेरीअम्मा. पहिल्याच दिवशी मी यांना म्हटलं, "अहो, बादली कुठाय?" तर ती मागच्या दारातनं डोकावून म्हणाली, "मराटी की गे तू?"

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. नऊवारी नाही, कुंकू तमिळ बायकांसारखं, केसांत मोगरा, आणि बोलणं मराठी. तंजावरकडच्या मराठी घरातली ती. तिचं बोलणं तमिळच्या चालीवर हेलकावे खात जायचं आणि मधेच असा एखादा शब्द यायचा की माझी पणजीसुद्धा तो विसरली असेल. मी हसले तर म्हणायची, "आमची मराटी तीनशे वर्षांची. तुझीच कालची, धेडगुजरी." तमिळ येत नसलेल्या मला त्या गावात ती एक होती, जिच्यासमोर मी भांडूसुद्धा शकत होते.

तिचा नवरा किडनीच्याच आजारानं गेलेला होता, आम्ही राहायला यायच्या आधीच. हे मला तेव्हा नुसतं माहीत होतं. तेव्हा त्याचं मला काही वाटायचं कारण नव्हतं.

कळलं तो दिवस

सकाळी उठलं की तोंड सुजलेलं. ओकाऱ्या. चढाव चढताना दम. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. आमची लेक कोमल चार वर्षांची झाली होती, दुसऱ्याची वेळ झालीच होती. गावाकडं फोन केला तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "औंदा पोरगाच हाय बघ, तोंड सुजलंय म्हंजी पोरगाच." कावेरीअम्मानं गोड केलं. मीही खूश होते. खोटं कशाला सांगू, मी नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

दवाखान्यात रक्त घेतलं, पोटावर यंत्र फिरवलं. डॉक्टर यांच्याशी तमिळमध्ये बोलत होते. यांना तमिळ चांगलं येतं. मी तोंडाकडं बघत होते. डॉक्टरांचं बोलणं संपलं तरी हे काही सांगेनात.

"काय म्हणत्यात?"

"चल, बाहेर सांगतो."

बाहेर आलो तर यांनी शहाळंवाल्यासमोर उभं केलं. "पी आधी." ऊन होतं, मी सगळं प्यायले. मलई खरवडून खाल्ली. मग म्हणाले, "पोर न्हाई गं. किडनी हाय. दोन्ही गेल्यात, आक्रसून एवढ्याएवढ्या झाल्यात म्हणं." आणि हातानं सुपारीएवढं दाखवलं.

ते माझं शेवटचं शहाळं. दुसऱ्याच भेटीत आहारवाल्या बाईनं सांगितलं की केळं, शहाळं, संत्रं, मोसंबी, सुकामेवा, सगळं बंद. आमचे हे त्यानंतर कितीतरी दिवस तेच धरून बसले होते, "मीच पाजलं की गं तुला." अहो, एका शहाळ्यानं काय होतंय.

मशीन

आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. हातात शीर जोडून दिली होती, तिथं बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. गाडीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून मी त्या हातावर पदर घेऊन बसायची. मशीन चालवणारा मुरुगन मला "मराठी अक्का" म्हणायचा. सुई घालताना म्हणायचा, "अक्का, तिकडं बघा, तुमचा शिवाजी महाराज आला," मी तिकडं बघेस्तोवर सुई आत.

मशीनवरून उठलं की अंगातलं सगळं कुणीतरी पिळून घेतल्यासारखं व्हायचं. स्वयंपाक होईना, कोमलच्या मागं पळणं होईना. आत्याबाई आल्या आणि तिला घेऊन गेल्या. "चार दिस बरी हो, मग आणून सोडते." चार दिवसांची दोन वर्षं झाली.

किडनी द्यायचं बोलणं निघालं तेव्हा माझ्या आईला साखर निघाली. यांचा रक्तगट जुळला नाही. भावानं हो म्हटलं आणि पंधरा दिवसांनी त्याचा फोन लागायचा बंद झाला. मी त्याला दोष देत नाही, त्याची लेकरं लहान होती. एकदा आत्याबाईंनी फोनवर यांना विचारलं, "किती दिसाचं हाय रं ह्ये?" मला वाटलं माझी काळजी. हे फोन ठेवून बाहेर गेले तेव्हा कळलं की त्या कशाबद्दल विचारत होत्या. गावात दुसरीचं बघायला सुरुवात झाली होती.

मला एकच हवं होतं. कोमल परत यावी आणि ती येईपर्यंत मी असावी. त्यापुढचं मी मागत नव्हते.

तहान

भूक सोसते, तहान सोसत नाही. दिवसाला दोन पेले पाणी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. तिकडचा खरा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो, तोवर घामाच्या धारा. रस्त्यानं जाताना नळाचा आवाज आला तरी मी थांबायची. एकदा फुलांच्या टोपलीवर पाणी शिंपडणाऱ्या बाईचा मला राग आला, इतकं पाणी फुलांना!

अशा वेळी कावेरीअम्मानं मला सांभाळलं. नवऱ्याचं केलेलं असल्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. भाजी दोनदा उकळून पाणी ओतायची ते तिनंच शिकवलं. आहारवाली बाई तमिळमध्ये सांगायची आणि मला निम्मंच कळायचं, ते अम्मा घरी समजावून सांगायची. यांनी एकदा पिकलेली केळी आणली तर तिनं दारातच अडवली, "तिचा जीव घेतोस की रे?"

मागच्या विहिरीपाशी तिचं एक झाड होतं. माझ्या भागात असलं झाड मी बघितलेलं नव्हतं.

"ह्यास करंबळ म्हणताव आम्ही," अम्मा म्हणाली. पातळ चांदण्या कापून तिनं बशीत ठेवल्या. "मीठ नोको. एक फोड तोंडांत धर. चोख. तोंडास पाणी सुटतं, तहान मोडते."

खरंच मोडायची. आंबटगोड, थंडगार. जीभ टाळूला चिकटायची थांबायची. बंद केलेल्या फळांत करंबळ नव्हतं, हे अम्मानं स्वतः मोजून पाहिलं होतं. कुणीच ते सांगितलेलं नव्हतं, कारण तिथं कुणाला ते माहीत नव्हतं. सुरुवातीला मी एखादी फोड चोखून टाकायची. मग गिळायला लागले. एके दिवशी अम्मानं पिकलेली भरपूर उतरवली होती. उकाडा फार होता. मी बशी संपवली.

उचकी

दुपारी जेवण झाल्यावर उचकी लागली.

आपल्याकडं उचकी लागली की काय करतात? एकेकाचं नाव घेतात. ज्याच्या नावाला थांबेल तो आठवण काढतोय. मीही तेच केलं. हे त्या दिवशी घरी होते, भट्टी बंद होती.

"आईचं नाव घे," हे म्हणाले. घेतलं. थांबली नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं.

"ती कशाला काढंल तुझी आठवण?" आम्ही दोघंही हसलो.

मग मी म्हटलं, "कोमल." आणि उचकी थांबली.

मी तशीच बसून राहिले. हलले नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. यांचेही डोळे भरले. थोड्या वेळानं परत सुरू झाली, परत नाव घेतलं, परत थोडी थांबली. मला त्या उचकीचा आनंद होत होता. सहा वर्षांची माझी पोर तिकडं माझी आठवण काढतेय आणि ती मला इथं कळतेय, यापेक्षा मोठं काय असतं? अम्मानं ऐकलं तेव्हा तीही म्हणाली, "लेकरूच आठवतंय गे. आमच्यांतही असंच."

यांनी फोन लावला.

"कोमे, आईची लई आठवण काढायलीस व्हय गं?"

पलीकडनं ती म्हणाली, "न्हाई. मी अंगणात जिबली खेळत हुते."

हे हसले, मीही हसले आणि हसताना उचकी इतक्या जोरात आली की दात जिभेवर पडले. कोमल खरं बोलत होती. लेकरं खरंच बोलतात. आम्हाला ते ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बरगड्या दुखायला लागल्या. साखर खाल्ली, नाक दाबलं, पाठीत बुक्क्या झाल्या. मग अम्मा म्हणाली, "आंबट चोख. बसते." आणि आणखी एक करंबळ कापून आणलं. मी तेही खाल्लं. तिनं मायेनं दिलं, मी विश्वासानं खाल्लं. त्या क्षणी घरात तिघं माणसं होती आणि तिघांनाही माझं भलंच व्हावं असं वाटत होतं.

दवाखान्यात जावं असं कुणाच्या मनात आलं नाही. उचकीसाठी कुणी दवाखान्यात जातं का?

माझ्याजवळ नसलेले दिवस

इथून पुढचं मला आठवत नाही. यांनी आणि अम्मानं सांगितलेलं लिहिते.

सकाळी मला निऱ्या घालता येईनात. मी यांना "दादा" म्हणाले, म्हणजे माझ्या भावाला म्हणते तसं. कोपऱ्याकडं बघून मी म्हणाले, "कोमलला आत घ्या, उन्हात उभी राहिलीय." उचकी चालूच होती. यांनी रिक्षा आणली. दवाखान्याच्या दारात माझे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि झटके आले.

आधी वाटलं, डायलिसिस चुकलं असेल. चुकलं नव्हतं. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. रक्तातलं मीठ तपासलं, तेही फार बिघडलेलं नव्हतं. मग कुणीतरी यांना धंदा विचारला. हे म्हणाले, "गलाई." तिथल्या नर्सबाईंनी यांना बाजूला नेलं.

"सोन्याचं काम? घरी सायनाइड असतं का?"

"न्हाई. आमच्यात वापरत न्हाईत. ॲसिड हाय, तेबी दुकानात."

"घरात भांडण झालं होतं का? खरं सांगा."

आमचे हे तसे रांगडे आहेत, पण त्या वेळी त्यांना रडू कोसळलं. बायकोला तिकडं झटके येतायत आणि इकडं माणसं विचारतायत की तू तिला काय दिलंस. पोलिसांना कळवायचं का यावर बोलणं चाललेलं होतं. त्यांनी गावाकडं फोन केला तर आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला आणू का तोंड बघायला?" म्हणजे सगळ्यांनी माझं ठरवूनच टाकलं होतं.

डबा

दुसऱ्या दिवशी अम्मा आवडीहून दोन गाड्या बदलून आली. यांच्यासाठी दहीभात आणि एका छोट्या डब्यात माझ्यासाठी करंबळाच्या फोडी. शुद्धीवर आली की तोंड सुकलेलं असेल, असा तिचा विचार.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होती, सेल्वी नावाची. सगळे तिला डॉक्टरम्मा म्हणत. पुढचं शिक्षण घेत होती. ती यांना पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, काय खाल्लं, काय प्यायलं, कुठली मुळी, कुठला काढा. हे सांगत होते, भात, आमटी, गोळ्या. फळं? बंद आहेत, एकही दिलं नाही. करंबळ यांच्या ध्यानातच आलं नाही. ते त्यांच्या लेखी फळ नव्हतं, तहानेचं औषध होतं.

अम्मानं डबा उशाशी ठेवला. सेल्वीनं झाकण उघडलं.

"हे काय?"

"तिच्यासाठी. तहान लागते ना."

"हे तिनं खाल्लं? कधी? किती?"

अम्मानं सगळं सांगितलं. आंबटानं उचकी बसते म्हणून आणखी दिलं, तेही सांगितलं. सेल्वी डबा तसाच हातात घेऊन तिच्या मोठ्या सरांकडं पळत गेली, झाकण खाली पडलं ते तिनं उचललंसुद्धा नाही. अम्माला वाटलं बाहेरचं खाणं आणलं म्हणून रागावली.

मोठ्या सरांनी लांबच्या कुठल्यातरी देशातल्या डॉक्टरांचं वाचलं होतं. तिथंही डायलिसिसवरच्या माणसांनी हे फळ खाल्लं आणि आधी उचकी, मग भ्रम, मग झटके. कितीतरी गेले. या फळात मेंदूला बाधणारं काहीतरी आहे. चांगली किडनी ते बाहेर टाकते. आमच्यासारख्यांच्या अंगात ते तसंच राहतं आणि डोक्यात चढतं. मला लगेच मशीनवर घेतलं. एकदा करून उतरेना, सोडलं की परत चढायचं, म्हणून रोज घेतलं. मुरुगन आपली सुट्टीची पाळी सोडून थांबला होता, हे मला फार नंतर कळलं.

यांना कुणी "चुकलं आमचं" म्हटलं नाही. पण त्या नर्सबाई दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी घरून इडली घेऊन आल्या. तेवढं त्यांना पुरलं.

जागी झाले

डोळे उघडले तेव्हा छतावरचा पंखा दिसला आणि तो मला कुणीतरी ओळखीचं माणूस वाटला. सेल्वीनं नाव विचारलं. मी म्हटलं, "कोमल." तिला वाटलं अजून भ्रम आहे. मला कळत होतं की माझं नाव दुसरं आहे, पण ते कुठंतरी ठेवल्यासारखं झालं होतं आणि हात पोचत नव्हता.

बरेच दिवस असंच. जुनं सगळं आठवायचं, काल काय झालं ते नाही. चहाला चहा न म्हणता "ते तांबडं" म्हणायची. भीती मरणाची नव्हती तेवढी याची होती. कोमल येईल आणि मी तिला भलत्याच नावानं हाक मारेन. वॉर्डातली म्हातारी आया माझे केस विंचरताना तमिळ म्हणी सांगायची, मला एकही कळायची नाही, पण तिचा कंगवा कधी ओढला गेला नाही. मी देवाला हात जोडते तेव्हा तिलाही जोडते.

घरी आल्यावर हे गावाकडं गेले आणि कोमलला घेऊन आले. कुणाला विचारलं नाही. आत्याबाईंना एवढंच म्हणाले, "जितके दिस हायत तितके दिस ती आईजवळ राहील." दारात ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मी तिला बरोबर नावानं हाक मारली.

कावेरीअम्मा मात्र बदलली. पूर्वी कोमलला बघितलं की तिच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय राहायची नाही. आता पाणी द्यायचं तरी मला विचारायची, "देऊं की गे?" झाडाखाली करंबळं पडून सडायची, ती उचलायची नाही. मी म्हटलं, "अम्मा, तुम्हाला कुठं माहीत होतं?" ती म्हणायची, "माहीत नव्हतं, ते खरं." आणि आत जायची.

शोध

सेल्वीनं माझ्या आजारावर अभ्यास सुरू केला. मशीनवर असताना ती स्टूल घेऊन बसायची. तिनं मला समजेल असं सांगितलं की या फळाचा अर्क काढून उंदरांवर बघायचं आहे, किडनी दुखावलेले उंदीर आणि धडधाकट उंदीर. झटके आणणारा नेमका पदार्थ कुठला, हे तेव्हा कुणाला वेगळं काढता आलेलं नव्हतं.

"म्हणजे त्याला नाव नाही?" मी विचारलं.

"अजून नाही."

आमचे हे म्हणाले, "आमच्यासारखंच काम की ओ तुमचं. ढीगभर मातीतनं गुंजभर काढायचं." सेल्वी हसली. म्हणाली, तुमची भट्टी तरी आहे, आमच्याकडं अजून भट्टीच सापडलेली नाही.

तिला फळं हवी होती, त्याच झाडाची. अम्मा देईल का, मला शंका होती. मी विचारलं तर तिनं पिशवी भरली आणि म्हणाली, "मी येते."

त्या दिवशी मी मशीनवर होते. अम्मा पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली. सेल्वीनं झाडाचं वय विचारलं, फळ कधी धरतं ते विचारलं. एवढ्या वर्षांत मलाही बऱ्यापैकी तमिळ कळायला लागलं होतं. मग सेल्वीनं नेहमीचा असावा तसा प्रश्न विचारला, "किडनीचा आजार असलेल्या आणखी कुणी हे फळ खाल्लं होतं का, पूर्वी?"

अम्मानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मला त्या क्षणी कळलं, आणि अम्माला ते कितीतरी आधीपासून कळलेलं होतं. दवाखान्यातल्या त्या डब्याच्या दिवसापासून.

"आमचे," ती म्हणाली.

सेल्वीचा आवाज हळू झाला. "त्यांना उचकी लागली होती?"

"दोन दिवस. मुलगी बेंगळुरूत होती, तेव्हा नुकतं लग्न झालेलं. आम्ही म्हटलं, तीच आठवण काढते." अम्मा माझ्याकडं बघत नव्हती. "मग भलतंच बोलू लागले. मग फिट. डॉक्टर म्हणाले, किडनीचा आजार आहे, असंच होतं शेवटी."

"फळ किती खायचे?"

"त्यांना तहान सोसवत नव्हती. ते मागायचे, मी कापून द्यायची."

सेल्वीचं पेन थांबलं. "अम्मा, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मीही कालपरवा शिकले."

"तेच होतं की नाही, सांग."

"आता नक्की सांगता येणार नाही. तपासायला काही उरलेलं नाही. पण असू शकतं."

अम्मानं मान हलवली. रडली नाही. मी मोकळा हात तिच्या हातावर ठेवला, तो तिनं राहू दिला.

"लिही मग," ती म्हणाली.

"लिहिते. नाव नसतं त्यात, अम्मा. कुणाचंच नसतं. या शालनचंही नाही." तिनं माझ्याकडं बोट केलं.

"मग काय असतं?"

"असं असतं, की एक पुरुष, वय अमुक, डायलिसिसवर."

"वय एकसष्ट." अम्मानं पिशवी खाली ठेवली. "शाळेत गणित शिकवायचे. ते लिही."

"अम्मा, त्यात तसं लिहीत नाहीत."

"लिही की गे," अम्मा म्हणाली. मराठीत म्हणाली, त्या तमिळ मुलीला. आपण कुठल्या भाषेत बोललो ते तिला कळलंही नसावं.

सेल्वीनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये तिला सांगितलं, त्यांचे मालक गणिताचे मास्तर होते, तेवढं लिहा म्हणतात. सेल्वीनं मान खाली घातली आणि एक ओळ लिहिली. इंग्रजीत होती, मला वाचता आली नाही.

"लिहिलं की?" अम्मानं मला विचारलं.

"लिहिलं," मी म्हटलं.